मुंबईची टांकसाळ आणि ॲस्पेनमधले घर

आपल्या मंडळाच्या कोणत्याही स्नेहभोजनात पंगत उठायच्या आत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे घर. कोणी कधी घेतले, व्याजाचा दर काय पडला आणि आज त्याचे किती झाले. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आपल्या पिढीने इथे येऊन जी काही पुंजी जमवली तिचा मोठा हिस्सा घराच्या वाढलेल्या किमतीतून आला, हे आपण खासगीत मान्य करतो आणि चारचौघांत त्याला आपली दूरदृष्टी म्हणतो. असो. मला आज एका अशा गावाविषयी लिहायचे आहे जिथे हजारो घरांची किंमत मुद्दामच वाढू दिली जात नाही, आणि तरीही त्या घरांसाठी लोक वर्षानुवर्षे रांग लावून बसतात. गाव कोलोरॅडोतले, ॲस्पेन. त्याच्या कहाणीत मुंबईही येते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही.

ॲस्पेन म्हटले की खासगी विमाने, सिनेनट आणि बर्फावर घसरणारे कोट्यधीश डोळ्यांपुढे येतात. तेही तिथे आहेतच. पण हॉटेलातल्या चादरी कोणीतरी बदलते, शाळेत कोणीतरी शिकवते, पहाटे चार वाजता रस्त्यावरचा बर्फ कोणीतरी उपसते. हे लोक रात्री झोपतात कुठे, हा ॲस्पेनच्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत रंजक प्रश्न आहे.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७,९०० फुटांवर, रोअरिंग फोर्क नदीच्या अरुंद खोऱ्याच्या वरच्या टोकाला आहे. पूर्वेकडचा इंडिपेंडन्स घाट हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे वर्षातले कित्येक महिने गावात शिरायला एकच रस्ता उरतो, तो म्हणजे महामार्ग ८२. अशा जागी सपाट जमीन मुळातच मोजकी. या खोऱ्यात राहण्याचा हक्क सर्वांत आधी ज्यांनी गमावला ते युट लोक. १८७९ साली चांदीच्या शोधात पहिले लोक घाट ओलांडून इथे उतरले तेव्हा ही भूमी कराराने युटांची होती. दोनच वर्षांत, १८८१ मध्ये, त्यांना युटामध्ये हाकलण्यात आले. परवडणाऱ्या घराचा इतिहास लिहिताना ही ओळ वगळणे बरोबर होणार नाही.

पुढची बारा-चौदा वर्षे चांदीची. १८८७ मध्ये एक रेल्वे आली, १८८८ मध्ये तिच्याशी चढाओढ करणारी दुसरी. मेसीज या न्यूयॉर्कच्या दुकानाचा भागीदार जेरोम व्हीलर याने १८८९ साली एक हॉटेल आणि एक नाट्यगृह बांधले. दोन्ही इमारती आजही उभ्या आहेत. खाणकामगारांनी आपापली लाकडी घरे बांधली. ती बेताची होती, पुढे लहानशी पडवी आणि वर उतरते छप्पर. भरभराटीच्या टोकाला गाव आणि आसपास मिळून बारा हजार माणसे होती असे सांगतात. या सगळ्याचा पाया एकच होता: चांदीला जगात गिऱ्हाईक आहे. त्या गिऱ्हाइकांत मोठे कोण होते? एक अमेरिकेचे सरकार, जे १८९० च्या शर्मन कायद्यानुसार दरमहा ठरावीक चांदी विकत घेत असे. दुसरा आपला हिंदुस्थान.

हे थोडे उलगडून सांगायला हवे. १८३५ पासून हिंदुस्थानचा रुपया चांदीचा होता, आणि टांकसाळ सर्वांना खुली होती. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत. मुंबईची ती टांकसाळ फोर्टात, टाउन हॉलच्या शेजारी. आपल्यापैकी अनेकांनी ती बाहेरून पाहिली असेल. जगात चांदी वाढत गेली तसा रुपया घसरत गेला. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत; १८९२-९३ पर्यंत ते सव्वा शिलिंगाच्याही खाली आले. हिंदुस्थान सरकारला विलायतेचे देणे सोन्यात चुकवावे लागे, त्यामुळे दरवर्षी खड्डा वाढत होता. लॉर्ड हर्शेल यांच्या समितीने उपाय सुचवला आणि २६ जून १८९३ रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलने एकाच बैठकीत कायदा मंजूर केला: टांकसाळी खासगी चांदीला बंद. ही बैठक भरली होती सिमल्याला. हिमालयातल्या एका डोंगरी गावात बसलेल्या मंडळींच्या सहीने रॉकीजमधली कित्येक डोंगरी गावे उठली, हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो.

बातमी तारेने पोचली. औंसाला ८० सेंटच्या वर असलेला चांदीचा भाव चार-पाच दिवसांत ६० च्या घरात आला. कोलोरॅडोतल्या खाणी आणि भट्ट्या पटापट बंद पडल्या. त्या वर्षी अमेरिकेत आर्थिक मंदी आलेलीच होती. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सरकारनेही शर्मन कायदा रद्द करून खरेदी थांबवली. इथल्या इतिहासात ॲस्पेनच्या पडझडीचे कारण म्हणून बहुधा हाच कायदा सांगितला जातो, पण तारखा नीट लावल्या तर पहिला तडाखा जूनचा आहे. त्या वेळचा कोलोरॅडोचा गव्हर्नर डेव्हिस वेट हा मूळचा ॲस्पेनचाच, तिथे वर्तमानपत्र चालवणारा. त्याने तर राज्यातली चांदी मेक्सिकोच्या टांकसाळीत नेऊन तिचे डॉलर पाडून आणायची योजना काढली. लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली. पण गावाचा धंदा टांकसाळीवर उभा आहे आणि टांकसाळ मिटली आहे, तर दुसरी टांकसाळ शोधावी, हा विचार काही वेडगळ म्हणता येणार नाही.

त्यानंतर ॲस्पेनमध्ये घर मिळवणे सोपे झाले. सोपे म्हणजे किती? १९३० च्या जनगणनेत गावात सातशेच्या आसपास माणसे उरली होती. कर न भरल्यामुळे घरे सरकारजमा होत, आणि थकलेला कर भरेल त्याच्या नावावर होत. काही घरे लोकांनी सरपणासाठी मोडली. मागे राहिलेले लोक गुरे पाळत, बटाटे पिकवत. ॲस्पेनच्या लिखित इतिहासात घरे खऱ्या अर्थाने स्वस्त होती ती या पन्नास वर्षांत, आणि त्याचे कारण गावात काम उरले नव्हते. कोकणातल्या मुंबईकर चाकरमान्यांची बंद घरे पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको.

१९४५ मध्ये शिकागोचा कारखानदार वॉल्टर पेप्की पत्नी एलिझाबेथच्या आग्रहाने इथे आला आणि गावाचे नशीब फिरले. त्याने जुनी घरे आणि भूखंड घ्यायला सुरुवात केली, १९४६ मध्ये स्कीइंगची कंपनी निघाली, १९४९ मध्ये गोएथेची द्विशताब्दी साजरी झाली आणि त्यातून पुढे ॲस्पेन इन्स्टिट्यूट आणि संगीत महोत्सव उभे राहिले. पेप्कीने गावकऱ्यांना घर रंगवण्यासाठी रंग फुकट देऊ केला होता. अट एवढीच की रंगसंगती त्याचा कलाकार हर्बर्ट बायर ठरवेल. बहुतेकांनी नको म्हटले. मला ही गोष्ट फार आवडते. घर कोणाचे, आणि त्याविषयी बोलायचा हक्क कोणाचा, हे भांडण त्या गावात तेव्हापासून चालू आहे.

पन्नास आणि साठच्या दशकांत स्की शिकवणारा तरुण किंवा हॉटेलातली मुलगी जुन्या खाणकामगाराच्या घरात खोली घेऊन राहू शकत असे. सत्तरच्या सुमारास ते अवघड होऊ लागले. विकासाला आळा घालू पाहणारी तरुण मंडळी राजकारणात उतरली. १९७० मध्ये लेखक हंटर थॉम्प्सनने शेरीफपदाची निवडणूक लढवली आणि हरला, ती हकिगत प्रसिद्ध आहे. पण खरा फरक पडला तो त्यानंतर निवडून आलेल्या काउंटी कमिशनरांमुळे. १९७४ च्या सुमारास पिटकिन काउंटीने मोकळ्या जमिनीवर किती घरे बांधता येतील याच्या मर्यादा एकदम कडक केल्या, आणि १९७७ पासून गावात दरवर्षी किती नवे बांधकाम होऊ द्यायचे याचा कोटा आला. डोंगर वाचला. आज महामार्गाने वर जाताना दोन्ही बाजूंना जी हिरवी कुरणे दिसतात ती याच माणसांची कृपा. पण मागणी वाढती आणि पुरवठा आखडता ठेवला की किमतीचे काय होते, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. डोंगर राखला तर कामगार जाईल, हे त्यांच्या ध्यानात आले होते, आणि म्हणून त्याच दशकात त्यांनी दुसरी मोहीम सुरू केली. केवळ पहिली करून थांबलेली गावे मी पाहिली आहेत; ॲस्पेनला मी अधिक गुण देतो ते यासाठी.

दुसरी मोहीम म्हणजे खरेदीखतातच कायमची अट घातलेली घरे. शहर आणि काउंटी यांनी मिळून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यासाठी एक गृहनिर्माण प्राधिकरण स्थापन केले. त्याच्या नियमांचा गाभा असा. घर घेणाऱ्याने काउंटीत वर्षाला निदान १,५०० तास काम केले पाहिजे. वर्षातले निदान नऊ महिने त्या घरात राहिले पाहिजे. त्या खोऱ्यात त्याचे दुसरे राहते घर असता कामा नये. उत्पन्नानुसार गट पाडलेले आहेत, आणि एकूण मालमत्तेलाही मर्यादा आहे. घर विकायला निघाले की अर्ज मागवून सोडत काढतात. जो अधिक वर्षे खोऱ्यात काम करतो आहे त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या अधिक. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, घराची विक्रीची किंमत वर्षाला जास्तीत जास्त तीन टक्के वाढू शकते, किंवा महागाईच्या दराइतकी, यात जे कमी असेल तेवढीच.

आता पैसा कुठून येतो ते पाहा, कारण इथेच या योजनेची कळ आहे. नवे हॉटेल किंवा दुकान बांधणाऱ्याने त्यामुळे जितके नोकर वाढतील त्यांच्यापैकी काहींच्या घराची सोय स्वतः करायची किंवा त्यासाठी पैसे भरायचे. दुसरा झरा म्हणजे मालमत्ता हस्तांतरणाचा कर. शहरात घर विकले गेले की पहिले एक लाख डॉलर सोडून उरलेल्या रकमेवर एक टक्का घरकुल निधीत जातो. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ॲस्पेनमध्ये स्वतंत्र घराची सरासरी किंमत आता एक कोटी डॉलरच्या वर गेलेली आहे. म्हणजे असे एक घर विकले की ९९ हजार डॉलर निधीत पडले. किंमत जितकी भडकेल तितका निधी वाढतो. इंजिनिअरच्या भाषेत याला ऋण प्रत्याभरण म्हणता येईल, आणि अशी यंत्रणा कायद्यात क्वचितच इतकी स्वच्छ दिसते. दुर्दैव एवढेच की १९९२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून असे नवे हस्तांतरण कर लावायला बंदी केली. ॲस्पेनचा कर आधीचा म्हणून वाचला. शेजारच्या ज्या गावांना नंतर जाग आली त्यांना ही वाट बंद आहे.

आज सुमारे सात हजार वस्तीच्या या गावात आणि भोवतालच्या काउंटीत अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत, काही विकतची आणि काही भाड्याची. काही घरे अगदी गावठाणात आहेत. मरोल्ट नावाच्या वसाहतीत हिवाळ्यात स्कीच्या हंगामाचे कामगार राहतात आणि उन्हाळ्यात त्याच खोल्यांतून व्हायोलिन-चेलोचे सूर ऐकू येतात, कारण तेव्हा तिथे संगीत महोत्सवाचे विद्यार्थी असतात.

हे सगळे मी पुस्तकी जिज्ञासेने शोधले नाही. माझी पत्नी फिजिओथेरपिस्ट. २०२१ मध्ये तिला या खोऱ्यातल्या एका रुग्णालयात तिच्या मनासारखी नोकरी मिळाली. माझे काम संगणकावरचे, माझी कंपनी दुसऱ्या राज्यात, आणि महामारीनंतर मी कुठूनही काम केले तरी चालत होते. डेन्व्हरच्या उपनगरातले घर विकून आम्ही इकडे आलो. तेव्हा प्रत्येक डोंगरी गावात माझ्यासारखे लोक लॅपटॉप बगलेत मारून येत होते आणि मागतील ती किंमत मोजत होते. त्या वर्षीच्या भाववाढीत माझ्या वर्गाचा वाटा मोठा आहे, हे आकडे बघणाऱ्या कोणालाही दिसेल.

प्राधिकरणाचा अर्ज भरायला बसलो तेव्हा गंमत झाली. आमच्या घरात कागदावर माझा पगार मोठा, माझी डॉक्टरेट मोठी. पण तास मोजायचे ते काउंटीत केलेल्या कामाचे. दिवसभर त्याच डोंगराकडे बघत मी दुसऱ्या राज्यातल्या कंपनीसाठी जे प्रोग्रॅम लिहितो त्याचे तास शून्य. माझ्या पत्नीने एका स्की शिक्षकाचा गुडघा वाकवून सरळ केला की तो तास धरला जातो. तिने अर्जावर पहिले नाव स्वतःचे लिहिले आणि माझ्याकडे बघून हसली. मालमत्तेच्या रकान्यात कोथरूडचा फ्लॅट डॉलरमध्ये मांडताना मात्र दोघांनाही हसू आवरेना. उत्पन्नामुळे आम्ही सर्वांत वरच्या गटांत बसलो, आणि त्या गटातली घरे वर्षाला मोजकीच निघतात. आतापर्यंत चार सोडतींत नाव घातले. चारही वेळा घर दुसऱ्याला लागले. एकदा बसचालकाला, एकदा शाळेतल्या शिक्षिकेला. ती शिक्षिका एकोणीस वर्षे इथे काम करते आहे.

माझे सासरे गिरगावातल्या चाळीत वाढले आणि बँकेतून निवृत्त झाले. फोनवर त्यांना मी ही योजना समजावून सांगत होतो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे ही तुमची पागडीच झाली की हो! घर आपलं, पण पुरतं आपलं नाही."

तुलना चपखल आहे आणि म्हणूनच ती तपासून पाहिली पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर खिळवून टाकली. युद्धानंतर आणि फाळणीनंतर शहरात लोंढे येत होते, तेव्हा तो कायदा नसता तर गिरगाव-परळमधली कितीतरी कुटुंबे रस्त्यावर आली असती. पण त्याचा सगळा भार घरमालकावर पडला. भाडे गोठलेले आणि खर्च वाढता, म्हणून मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने जागा सोडताना नव्या भाडेकरूकडून हातोहात रोकड घेतली, तिचे नाव पागडी. बाजार मेला नाही, फक्त भिंतीआड गेला. इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. ॲस्पेनमध्ये भार घरमालकावर नसून श्रीमंतांच्या खरेदी-विक्रीवर आहे, आणि घराचे हस्तांतर फक्त प्राधिकरणामार्फत होते, त्यामुळे पागडीला फटच उरत नाही. निदान फार मोठी नाही.

सासऱ्यांनी मग म्हाडाचा विषय काढला. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या म्हाडाची सोडत म्हणजे मुंबईच्या मध्यमवर्गाचा सत्यनारायण. प्रत्येक घरात कोणी ना कोणी अर्ज भरलेला. गिरणी कामगारांनाही १९८२ च्या संपानंतर तीस वर्षांनी, २०१२ साली, पहिली सोडत निघाली. पण म्हाडाच्या घरावरची विक्रीची बंदी साधारण पाच वर्षांची. ती सरली की घर बाजारात जाते, आणि ज्याला लागले त्याचे भाग्य उजळते. यात गैर काही नाही, पण ते घर पुढच्या शिपायाच्या किंवा परिचारिकेच्या हाती लागत नाही, तिच्यासाठी सरकारला पुन्हा नवी जमीन शोधावी लागते. ॲस्पेनचे घर १९८५ मध्ये एका आचाऱ्याला लागले असेल तर त्याच्यानंतर ते शिक्षिकेला, तिच्यानंतर बसचालकाला, अशा तऱ्हेने एकाच घरावर चार-पाच संसार होऊन जातात. कोणाचेही भाग्य उजळत नाही. प्रत्येकाला डोक्यावर छप्पर मिळते.

याचे दुखणेही सांगायला हवे. समजा, कोणी वीस वर्षांपूर्वी दोन लाख डॉलरला असे घर घेतले. वर्षाला पुरते तीन टक्के धरले, तेही चक्रवाढीने, तरी आज त्याचे तीन लाख साठ हजार होतील. एवढ्या पैशांत खोऱ्यात खाली तीस मैलांवर साधी दोन खोल्यांची सदनिका मिळणे कठीण. म्हणजे एकदा आत आलेल्याला बाहेर पडणे जड. मुले मोठी होऊन निघून जातात, तीन खोल्यांच्या घरात दोघेच म्हातारे राहतात. आयुष्यभर काम करून निवृत्त झालेल्याला तिथेच राहू देतात, आणि ते योग्यच आहे. पण मग तरुण परिचारिकेसाठी घर निघणार कुठून? शिवाय चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींची छपरे गळू लागली आहेत. ज्या घराची किंमत वाढणार नाही त्याच्या छपरासाठी पदरचे पैसे घालायला सोसायटीतले सभासद कचरतात. इथे मात्र माझ्या सासऱ्यांचा शेरा खरा ठरतो: चाळीचे दुखणे इथेही पोचले आहे. छपराचा खर्च पहिल्या दिवसापासून किमतीत धरायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या गावांनी दुसरे मार्ग काढले. टेल्युराइडने १९९४ मध्ये नियम केला होता की नवे बांधकाम करणाऱ्याने कामगारांसाठी परवडणारी घरे द्यावीत. हे भाडेनियंत्रण आहे आणि राज्याच्या कायद्याला ते मंजूर नाही, असे म्हणून कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तो रद्द ठरवला. त्यातून वाट काढणारा कायदा व्हायला २०२१ उजाडले. व्हेल गावाने २०१७ पासून निराळीच शक्कल लढवली आहे. ते घर विकत घेत नाहीत, फक्त अट विकत घेतात. घरमालकाला ठरावीक रक्कम द्यायची, त्याने खरेदीखतावर लिहून द्यायचे की या घरात यापुढे कायम काउंटीत काम करणाराच राहील. किंमतीवर बंधन नाही. यात पैसा कमी लागतो, पण किंमत बाजाराचीच राहते, त्यामुळे घर कामगाराला मिळते ते डॉक्टर-वकील या अर्थाच्या कामगाराला, असा माझा कयास आहे. ॲस्पेनमध्येही मतदारांनी २०२२ मध्ये पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर नवा कर बसवला. त्याचा मोठा भाग घरकुलांसाठी आहे.

आणि तरीही बहुसंख्य कामगार बाहेरूनच येतात. बसॉल्ट, कार्बनडेल, ग्लेनवुड स्प्रिंग्ज, आणि त्याही खाली सत्तर मैलांवरचे रायफल. पहाटेच्या काळोखात महामार्ग ८२ वर दिव्यांची माळ लागते. नेरळच्या पायथ्याच्या वाड्यांतून रोज माथेरान चढणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही माळ ओळखीची वाटेल. २०१३ मध्ये इथे जलद बससेवा सुरू झाली, अमेरिकेच्या ग्रामीण भागातली अशी पहिलीच. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कितीतरी कुटुंबे खोऱ्यात ट्रेलरच्या वस्त्यांत राहतात. ट्रेलर त्यांचा, खालची जमीन दुसऱ्याची. जमीन विकली गेली की ट्रेलर न्यायचा कुठे?

घर लांब असण्याची किंमत काय, याचा धडा शेजारच्या वायोमिंगमधल्या जॅक्सनला ८ जून २०२४ रोजी मिळाला. जॅक्सनचे पुष्कळ नोकर टीटन घाटापलीकडे आयडाहोत राहतात. त्या दिवशी घाटातला रस्ताच दरड सरकून दरीत गेला. तासाभराच्या आतला प्रवास वळसा घालून दोन तासांच्या पलीकडे गेला. तात्पुरता रस्ता २८ जूनला सुरू झाला, तोवरचे जवळजवळ तीन आठवडे हॉटेले, दवाखाने, दुकाने यांना कळत होते की आपले गाव प्रत्यक्षात दुसऱ्या राज्यात झोपते. माझी पत्नी ती बातमी वाचून गप्प झाली. तिच्या रुग्णालयातली रात्रपाळीची किती माणसे ग्लेनवुडच्या खालून येतात, ते तिला नावानिशी ठाऊक आहे.

आम्ही सध्या ग्लेनवुडमध्ये भाड्याने राहतो. चाळीस मैल. तिची बस सहाच्या आत निघते. इथे घर विकत घेण्याइतके पैसे आमच्याजवळ आहेत, आणि मित्रमंडळी विचारतात की मग घेत का नाही. भाडे भरणे म्हणजे पैसे पाण्यात. हिशेबाने त्यांचे बरोबर आहे. पण या खोऱ्यात घर घेतले तर सोडतीत लागलेल्या घरासाठी ते विकावे लागेल, आणि आम्हाला, म्हणजे मुख्यतः तिला, राहायचे आहे ते वर, जिथे तिचे रोगी तिला बाजारात भेटतात. ज्या घरावर आपण कधी पैसे कमावणार नाही त्याची वाट बघत थांबणे मला पहिली दोन वर्षे अवघड गेले. आता नाही.

शहराने विमानतळाजवळ लाकडाच्या वखारीची जागा विकत घेतली आहे आणि तिथे २७७ घरांचा आराखडा केला आहे. ती उभी राहायला वेळ लागेल. दरम्यान येत्या महिन्यात एका दोन खोल्यांच्या घराची सोडत आहे. अर्ज गेला आहे. त्यावर पत्नीचे गेल्या वर्षीचे तास भरले आहेत: १,८१२.